रीड रिसिटची कटकट: सारखं विचारणारं आउटलुक, न येणारी पोच आणि 'न वाचताच डिलीट'

छोट्या ऑफिसांचे कॉम्प्युटर सांभाळतो, सीए, वकील, शाळेचं ऑफिस, ट्रान्सपोर्टवाले असे, आणि सगळीकडे फिरून फिरून हाच एक लोचा येतो, म्हणून एकदाच लिहून ठेवतोय, पुढच्या वेळी फोन आला की हेच पाठवीन. सगळे जण 'रीड रिसिटचा प्रॉब्लेम' (रीड रिसिट म्हणजे मेल वाचल्याची आपोआप जाणारी पोच) एवढंच सांगतात आणि आत बघितलं तर प्रत्येकाचं दुखणं वेगळं निघतं, तर आधी तुमचं कुठलं ते ठरवा.

लक्षणं

मेल उघडला की दर वेळी खिडकी येते, अमक्यांनी वाचल्याची पोच मागितली आहे, पाठवू का? हो म्हणावं तर आपण बघितलं हे कळणार, नाही म्हणावं तर उगाच अपराधी वाटतं.

तुम्ही रिसिट मागता पण येतच नाही. किंवा ठरावीक दोघातिघांकडून येते, बाकीच्यांकडून कधीच नाही.

रिसिट येते पण खोटी वाटते. पाठवल्या पाठवल्या 'वाचलं' म्हणून येते आणि तो माणूस म्हणतो अहो मी तेव्हा गाडी चालवत होतो. याच्या उलटंही होतं, गेल्या दिवाळीत पाठवलेल्या मेलची पोच आज येते आणि त्यावर लिहिलेलं असतं की तुमचा मेल न वाचताच डिलीट केला. या एका ओळीवरून चांगल्या चांगल्या लोकांत अबोला झालेला बघितलाय.

एक सर्क्युलर सगळ्या पालकांना किंवा सगळ्या डीलरना पाठवलं आणि दुपारपर्यंत इनबॉक्समध्ये पोचांचा नुसता पूर.

आणि शेवटचं, सगळ्यात अस्वस्थ करणारं: खिडकी कधी आली नाही, तुम्ही रिसिट कधी पाठवली नाही, तरी समोरचा फोन करून म्हणतो 'तुम्ही सकाळी कोटेशन बघितलंत ना, मग काय ठरलं?'

आता तपासायला लागू. फुकटातलं आणि सोपं आधी, कारण बहुतेक वेळा काम तिथेच संपतं.

आलेली पोच नेमकी कसली आहे

याला एक मिनिट लागतं आणि लोक हेच करत नाहीत. आउटलुकमध्ये पोचेच्या सब्जेक्टमधला पहिला शब्द वाचा. 'डिलिव्हर्ड' असेल तर मेल समोरच्याच्या सर्व्हरवर पोचला, बस, त्या माणसाशी त्याचा अजून काही संबंध नाही. 'रिलेड' असेल तर पुढच्या सर्व्हरकडे दिला पण तो सर्व्हर पोच देणाऱ्यातला नाही, काळजीचं कारण नाही. 'रेड' (Read) म्हणजे समोरच्या प्रोग्रॅमने तो मेल वाचलेला म्हणून धरला. 'नॉट रेड' म्हणजे वाचल्याची खूण लागायच्या आधीच तो डिलीट झाला.

प्रोग्रॅमने धरला, असं मुद्दाम लिहिलंय. ऑफिसातल्या प्यून बुकासारखंच आहे हे, सही झाली म्हणजे कागद टेबलावर गेला, साहेबांनी वाचला का आणि वाचून काय ठरवलं ते सहीतून कसं कळणार. आणि हे माझंच मत नाही, ज्या नियमावर या पोचा चालतात त्या आरएफसी ८०९८ मध्येच, जी २०१७ ची आहे, स्पष्ट लिहिलंय की मेल पडद्यावर दिसला याचा अर्थ तो वाचला किंवा समजला अशी काही हमी नाही. त्याच नियमात असंही आहे की पोच मागणं ही नुसती विनंती आहे आणि समोरच्याच्या प्रोग्रॅमने ती गुपचूप दुर्लक्षित केली तरी चालतं. म्हणजे पोच आली नाही याचा अर्थ काहीच नाही. हे एवढं डोक्यात बसलं तरी निम्मी भांडणं मिटतात, खरंच.

तुमच्याच आउटलुकमधली टीक

पूर येणं, लोक वैतागणं, 'तुमच्या प्रत्येक मेलला खिडकी का येते हो' अशी तक्रार, याचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं. कधीतरी कुणीतरी एका महत्त्वाच्या मेलसाठी पोच मागायची म्हणून सेटिंगमध्ये जाऊन टीक केली आणि ती टीक त्या एका मेलची नव्हती, कायमची होती. त्या दिवसापासून 'ओके सर' एवढ्या मेललाही पोच मागितली जातेय आणि पाठवणाऱ्याला पत्ताच नाही.

जुन्या आउटलुकमध्ये फाइल, मग ऑप्शन्स, मग मेल, आणि खाली सरकत सरकत ट्रॅकिंगपर्यंत या. तिथे पाठवलेल्या सगळ्या मेलसाठी काय काय मागायचं त्याच्या दोन टिका असतात, डिलिव्हरी रिसिट आणि रीड रिसिट. दोन्ही काढा. एखाद्याच मेलला पोच हवी असेल तर तो मेल लिहिताना वर ऑप्शन्स टॅबमध्ये 'रिक्वेस्ट अ रीड रिसिट' आहे, ती टीक त्या मेलपुरतीच असते.

पूर आधीच आला असेल तर एकेक पोच उघडत बसू नका. आपण पाठवलेला मूळ मेल सेंटमधून उघडा, एक तरी पोच आलेली असली की तिथे ट्रॅकिंगचं बटण दिसतं, त्यात कुणाची आली कुणाची नाही अशी यादीच मिळते. आणि त्याच ट्रॅकिंग सेटिंगमध्ये पोच आली की ती आपोआप दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवायचीही सोय आहे. शाळेच्या क्लार्क मॅडमना हे दाखवलं तेव्हा त्यांनी अक्षरशः हात जोडले.

तुम्हाला येणारी खिडकी

तिथेच, त्याच ट्रॅकिंगमध्ये, खाली तीन पर्याय आहेत: नेहमी पाठव, कधीच पाठवू नको, दर वेळी विचार. कंपनीने बदललं नसेल तर 'दर वेळी विचार' असतं, म्हणून खिडकी. नव्या आउटलुकमध्ये आणि ब्राउझरमधल्या आउटलुकमध्ये हेच सेटिंग्ज, मेल, मेसेज हँडलिंग इथे सापडतं.

कुठलं निवडायचं? मी सगळ्यांना 'कधीच पाठवू नको' लावून देतो. यावर हमखास प्रश्न येतो, साहेबांना वाईट वाटेल का? अहो, तुम्ही नाही म्हणालात असा काही निरोप साहेबांना जात नाही, त्यांना नुसतं काहीच येत नाही, आणि काहीच न येण्याची पन्नास कारणं असू शकतात. उलट 'नेहमी पाठव' ठेवलं तर काय होतं ते बघा, कुठल्याही अनोळखी स्पॅमवाल्याने पोच मागितली की तुमचा प्रोग्रॅम इमानदारीत सांगणार, हो हा पत्ता चालू आहे, माणूस आत्ता बसलाय, इतक्या वाजता उघडलं. यापुढे स्पॅम दुप्पट आला तर आश्चर्य नको.

ज्यांना मधला मार्ग हवाय त्यांच्यासाठी थंडरबर्ड हा मेलचा प्रोग्रॅम भारी आहे, त्यात वेगवेगळं ठरवता येतं, मी टू किंवा सीसीमध्ये नसेन तर कधीच नको, पाठवणारा आपल्या डोमेनच्या (पत्त्यातल्या @ नंतरच्या नावाच्या) बाहेरचा असेल तर विचार, बाकीच्यांना पाठव. सेटिंग्जमध्ये रिटर्न रिसिट्स म्हणून बटण आहे. ऑफिसातल्यांना पोच, बाहेरच्यांना नाही, इतकं सरळ.

रिसिट येतच नाही

इथे दुरुस्त करण्यासारखं फार नसतं, समजून घेण्यासारखं असतं. तुमचं जीमेल जर साधं फुकटातलं असेल तर त्यात रीड रिसिट मागायची सोयच नाही, मेनू शोधत बसू नका. ऑफिस किंवा शाळेच्या गुगल वर्कस्पेसच्या अकाउंटला ती मिळते, तीही ॲडमिनने चालू केली असेल तर. आणि वर्कस्पेसमध्येही ग्रुपच्या पत्त्यावर किंवा एलियसवर (त्याच मेलबॉक्सच्या दुसऱ्या पत्त्यावर) मेल पाठवला तर पोच परत येत नाही. म्हणजे 'ऑल स्टाफ'ला पाठवून पोचेची वाट बघत बसलेले मुख्याध्यापक कितीही वाट बघू शकतात.

समोरचा ॲपलच्या मेल ॲपमध्ये वाचत असेल तर ते ॲप पोचेची विनंती विचारातच घेत नाही, त्याला खिडकीसुद्धा येत नाही. फोनवरच्या बऱ्याच ॲप्सचं असंच आहे. आणि ज्याला खिडकी आली त्याने नाही म्हटलं असेल, तो त्याचा हक्क आहे.

मग पोच हवी असेल तर करायचं काय? मागायची. शब्दात. मेलच्या पहिल्या दोन ओळींत, तळाला नाही. 'सर, सोबत जीएसटीचे कागद जोडले आहेत, मिळाले की फक्त मिळाले एवढं कळवा, तपशील नंतर बघितलात तरी चालेल.' याला उत्तर येतं. का येतं, तर यात समोरच्यावर वाचून लगेच निर्णय द्यायचं ओझं नाही. रीड रिसिटमध्ये नेमकी तीच अडचण आहे, माणूस विचार करतो आत्ता उघडलं असं कळलं तर लगेच उत्तर द्यावं लागेल, त्यापेक्षा उघडतच नाही. म्हणजे पोच मागून तुम्ही तुमचाच मेल मागे ढकलता.

तारीख महत्त्वाची असेल तर तारीख लिहा. 'शुक्रवारी दुपारपर्यंत काही कळलं नाही तर फोन करतो.' आणि शुक्रवारी दुपारी खरंच फोन करा. आणि फोन केल्यावर 'तुम्ही तर मंगळवारीच वाचलंय, माझ्याकडे पोच आहे' हे वाक्य तोंडातून काढू नका, त्या वाक्यानंतर तो माणूस तुमची एकही पोच पाठवणार नाही आणि तुमचं कामही सगळ्यांच्या शेवटी करेल.

कुठे मागायचीच नाही ते सांगतो: नोकरीचा अर्ज, दुखवट्याचा मेल, आभाराचा मेल, वरिष्ठांना पाठवलेलं साधं स्मरणपत्र. त्यावर लाल उद्गारचिन्ह आणि वरून रीड रिसिट, म्हणजे दारावरची बेलही दाबायची आणि दारही बडवायचं. टेंडरची शेवटची तारीख, परीक्षेच्या वेळापत्रकातला बदल, पगाराचे कागद अशा ठिकाणी मागितली तर कुणाला राग येत नाही, तेही आधी सांगून.

खोटी पोच

ऑफिसातच सगळे आउटलुक वापरत असतील तर आधी रीडिंग पेन बघा, म्हणजे यादीच्या बाजूला मेल उघडा दिसतो तो भाग. यात एक सेटिंग असतं की दुसऱ्या मेलवर गेलं की आधीचा वाचलेला समजायचा. म्हणजे कुणी नुसता खाली येणारा बाण दाबत यादीवरून सरकत गेला तरी मेल वाचलेला ठरतो. 'नेहमी पाठव' चालू असेल तर तेवढ्यावर पोच सुटते. कित्येक लोक तर सकाळी सगळं सिलेक्ट करून वाचलेलं म्हणून खूण करतात, तेही तसंच. ही सेटिंग ऑप्शन्समध्ये ॲडव्हान्स्ड, मग रीडिंग पेन इथे आहे, टिका काढून टाका.

फोन जोडलेला असेल तर अजून एक. कंपनीच्या एक्सचेंज सर्व्हरला (मायक्रोसॉफ्टचा मेल सर्व्हर) जोडलेल्या फोनवर मेल उघडला तर फोन काही विचारत नाही, पण वाचल्याची खूण सर्व्हरवर जाते आणि तिथून पोच परस्पर जाऊ शकते. कॉम्प्युटरवर 'विचार' ठेवलंय आणि तरी पोच गेली कशी, याचं उत्तर बहुतेक वेळा खिशातच असतं. उपाय म्हणजे ब्राउझरमधल्या आउटलुकमध्ये जाऊन 'कधीच पाठवू नको' लावणं, कारण ते सर्व्हरवर लागतं, नुसत्या त्या कॉम्प्युटरवर नाही.

आता ती 'न वाचताच डिलीट' वाली. यात दुष्टपणा शोधू नका. कुणीतरी मेलबॉक्स भरला म्हणून जुने मेल एकगठ्ठा उडवले, त्यात तुमचा न उघडलेला मेल होता, सर्व्हरने नियमाप्रमाणे कळवलं. बऱ्याचदा त्या माणसाने तो मेल वाचलेलाही असतो, फक्त नोटिफिकेशनमध्ये किंवा दुसऱ्याने उत्तरात जोडलेला, त्यामुळे त्याच्या मूळ मेलवर खूण लागलेलीच नसते. एका ऑफिसात माणूस सोडून गेला, त्याचा मेलबॉक्स साफ केला, आणि वर्षभराच्या जुन्या पोचा धडाधड लोकांना गेल्या, लोक फोन करून विचारायला लागले की आमच्यावर राग आहे का. तुम्हाला अशी पोच आली तर डिलीट करा आणि विसरा. तुमच्याकडून जाऊ नये असं वाटत असेल तर साफसफाईआधी सगळ्या मेलना वाचलेलं अशी खूण करा, मग डिलीट करा, आणि त्याआधी वर सांगितलेलं 'कधीच पाठवू नको' लावलेलं असू द्या, नाहीतर खूण केल्याबरोबर 'वाचलं' अशा पोचा सुटतील आणि ती दुसरीच गंमत.

खिडकी न येता कळतं ते

इथपर्यंतचं सगळं उघड उघड होतं, विचारून. हे विचारत नाही.

मेलमध्ये एक चित्र टाकतात, एक बाय एक पिक्सेलचं, डोळ्याला दिसणार नाही असं, आणि प्रत्येक माणसासाठी त्या चित्राचा पत्ता वेगळा. तुम्ही मेल उघडला की चित्र त्यांच्या सर्व्हरवरून आणलं जातं आणि तिथे नोंद होते, अमक्याचं चित्र इतक्या वाजता मागितलं गेलं, कितव्यांदा, कुठल्या उपकरणावरून, आणि आयपी पत्त्यावरून (इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावरून) साधारण कुठल्या गावातून. जाहिरातीचे मेल, न्यूजलेटर, सेल्सवाल्यांचे मेल यात हे सर्रास असतं. २००६ मध्ये अमेरिकेत एचपी कंपनीच्या संचालक मंडळातली बातमी कोण फोडतंय हे शोधायला तपास करणाऱ्यांनी एका पत्रकाराला असाच माग काढणारा मेल पाठवला होता, ते प्रकरण इतकं पेटलं की कंपनीच्या अध्यक्षांना जावं लागलं. २०१९ मध्ये सुपरह्यूमन नावाच्या मेल ॲपवर टीका झाली, कारण त्यात पाठवणाऱ्याला समोरचा कुठे बसून मेल वाचतोय तेसुद्धा दिसायचं, शेवटी त्यांनी ठिकाण दाखवणं काढलं आणि वाचल्याचं दाखवणं सुरुवातीला बंद ठेवायला लागले.

थांबवायचं कसं, तर चित्रं आपोआप उतरू देऊ नका. जीमेलमध्ये सेटिंग्ज, जनरल, इमेजेस, तिथे 'बाहेरची चित्रं दाखवण्याआधी विचार' निवडा, फोनवरच्या ॲपमध्ये वेगळं लावावं लागतं, तेही लावा. जीमेल २०१३ च्या डिसेंबरपासून चित्रं स्वतःच्या सर्व्हरमार्फत आणतं, त्यामुळे तुमचा आयपी पत्ता लपतो, पण मेल उघडला हे तरीही कळू शकतं, म्हणून नुसत्या त्याच्यावर विसंबू नका. कॉम्प्युटरवरचं जुनं आउटलुक आणि थंडरबर्ड मुळातच चित्रं अडवतात, वरची पिवळी पट्टी दाबून तुम्ही स्वतःच दार उघडता, तर ओळखीच्या पाठवणाऱ्यासाठीच दाबा. आयफोनमध्ये सेटिंग्जमधल्या मेलमध्ये प्रायव्हसी प्रोटेक्शन आहे, २०२१ च्या आयओएस १५ पासून. ते वेगळीच युक्ती करतं, तुम्ही मेल उघडा न उघडा, चित्रं आधीच ॲपलच्या मधल्या सर्व्हरमार्फत आणून ठेवतं, त्यामुळे पाठवणाऱ्याला सगळेच मेल उघडल्यासारखे दिसतात. पण हे ॲपलच्या मेल ॲपपुरतं आहे, आयफोनवर जीमेलचं ॲप वापरत असाल तर नाही.

आता हाच मुद्दा पाठवणाऱ्याच्या बाजूने बघा. तुम्ही जर असलं ट्रॅकिंग वापरत असाल आणि 'उघडलं, उघडलं, पाच वेळा उघडलं' बघून खूश होत असाल, तर त्यातलं किती खरं हे तुम्हाला सांगता येणार नाही. काही उघडणं ॲपलचं, काही कंपनीच्या स्पॅम फिल्टरचं, तो मेल आत सोडण्याआधी चित्रं आणि लिंक स्वतः उघडून बघतो. आणि ज्याने चित्रं बंद ठेवलीत त्याने तुमचा मेल तोंडपाठ केला तरी तुमच्याकडे शून्यच.

ब्राउझरमधली एक्स्टेन्शन

साध्या जीमेलमध्ये रिसिट नाही म्हणून लोक फुकटातली एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचे छोटे प्रोग्रॅम, टाकतात, दोन टिका दाखवणारी, व्हॉट्सॲपसारखी. ही वर सांगितलेल्या पिक्सेलवरच चालतात. एक्स्टेन्शन टाकताना ती काय काय परवानगी मागते ते वाचा, बहुतेक वेळा तुमचे सगळे मेल वाचण्याची आणि पाठवण्याची असते. म्हणजे समोरच्याने वाचलं का हे कळण्यासाठी तुम्ही तिसऱ्याला तुमचा अख्खा मेलबॉक्स वाचायला दिला. सीए आणि वकिलांकडे हे दिसलं की मी आधी ते काढतो आणि मग चहा घेतो, कारण त्या मेलबॉक्समध्ये दुसऱ्यांची पॅनकार्डं आणि केसचे कागद असतात.

एक्स्टेन्शन नुसती काढून भागत नाही. गुगल अकाउंटच्या सिक्युरिटीमध्ये तिसऱ्या कंपन्यांच्या ॲप्सना दिलेली परवानगी दिसते, तिथून वेगळी काढावी लागते. ट्रॅकिंगवालं जे नाव ओळखीचं नाही ते काढा, चुकून कामाचं काढलं गेलं तर परत परवानगी देता येते.

जाता जाता व्हॉट्सॲपचं, कारण लोक हमखास विचारतात. तिथे निळ्या टिका प्रायव्हसीमधून बंद होतात, पण तुम्हालाही दुसऱ्यांच्या दिसत नाहीत, आणि ग्रुपमध्ये त्या बंद होतच नाहीत. मेलला असला काही सौदा नाही, तुम्ही पोच देणं बंद केलं तरी मागू शकता. म्हणून जरा लाज बाळगून मागा.

हेडर बघणं

वरचं सगळं करूनही एखाद्याच मेलचं कोडं सुटत नसेल तर हेडर बघा, म्हणजे मेलबरोबर येणारी, एरवी न दिसणारी तांत्रिक माहिती. जीमेलमध्ये मेलच्या तीन ठिपक्यांमध्ये 'शो ओरिजिनल', आउटलुकमध्ये मेल वेगळ्या खिडकीत उघडून फाइल, प्रॉपर्टीज, खाली इंटरनेट हेडर्स. तिथे 'डिस्पोझिशन-नोटिफिकेशन-टू' अशी ओळ असेल तर पोच उघड मागितलेली आहे आणि ती कुठल्या पत्त्यावर जाणार तेही तिथेच दिसतं. हा पत्ता पाठवणाऱ्याच्या पत्त्यापेक्षा वेगळा असेल तर पोच देऊ नका. अशा वेळी प्रोग्रॅमने वापरणाऱ्याला विचारल्याशिवाय पोच पाठवू नये असं नियमातच आहे, पण सगळे प्रोग्रॅम शहाणे नसतात. ओळ नसेल आणि तरी समोरच्याला कळत असेल तर मेलच्या मजकुरात रुंदी एक, उंची एक असलेलं चित्र शोधा. सापडेल.

इथे थांबा

ट्रॅकिंगमधले पर्याय राखाडी दिसत असतील, टीक बदलताच येत नसेल, तर ते कंपनीने वरून ठरवलेलं आहे. रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंग्जमध्ये) शिरून, यूट्यूब बघून ते फिरवू नका, कंपनीच्या आयटीवाल्याला सांगा. गुगल वर्कस्पेसमध्येही पोच कुणाला जाऊ द्यायची आणि पाठवण्याआधी माणसाला विचारायचं का, हे ॲडमिनच्या हातात असतं, कर्मचाऱ्याच्या नाही.

तुम्ही उघडलेलाच नाही अशा मेलची पोच जातेय, रात्री अपरात्री, आणि रीडिंग पेन, फोन सगळं बघून झालंय, तर हा रिसिटचा प्रश्न नाही, तुमचा मेल दुसरं कुणीतरी वाचत असेल. जीमेलमध्ये कॉम्प्युटरवर इनबॉक्सच्या अगदी तळाला उजवीकडे 'डिटेल्स' आहे, तिथे कुठून कुठून लॉगिन आहे ते दिसतं. फॉरवर्डिंग आणि फिल्टर बघा, आपण न लावलेलं काही आहे का. पासवर्ड बदला, दोन टप्प्यांचं व्हेरिफिकेशन लावा, आणि ऑफिसचं अकाउंट असेल तर त्याच दिवशी ॲडमिनला कळवा. पैशाचा व्यवहार गुंतला असेल तर १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन, आणि तक्रार सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन वर.

तिसरं, कोर्टकचेरी. नोटीस, राजीनामा, घरमालकाशी वाद, सोसायटीची वसुली, यात रीड रिसिटच्या जोरावर स्वतः काही ठरवू नका, वकिलांकडे जा. आपल्या आयटी कायद्यात, २००० सालच्या, कलम १२ पोच कशी देता येते त्याचं आणि कलम १३ मेल कधी मिळाला असं धरायचं त्याचं आहे, आणि १३ मधला हिशोब मुख्यतः मेल समोरच्याने ठरवून दिलेल्या यंत्रणेत कधी शिरला त्यावर आहे, त्याने तो उघडून वाचला का यावर नाही. म्हणजे पोच नाकारली म्हणून नोटीस मिळालीच नाही असं म्हणता येईलच असं नाही, दोन्ही बाजूंनी हे लक्षात ठेवा. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका वसुलीच्या प्रकरणात व्हॉट्सॲपवर पाठवलेली नोटीस पोचली आणि उघडली गेली हे टिकांवरून मान्य केलं होतं, पण ते त्या प्रकरणातलं, तुमच्या प्रकरणात काय होईल ते वकील सांगतील, मी नाही. कागद मेलने पाठवा आणि पोस्टानेही, पोचपावतीसकट.

आयटीवाल्याकडे किंवा वकिलांकडे जाताना तो मेल नेहमीसारखा फॉरवर्ड करू नका, फॉरवर्ड केला की मूळ हेडर राहत नाहीत. जीमेलमध्ये 'फॉरवर्ड ॲज अटॅचमेंट' करा किंवा 'शो ओरिजिनल'मधून डाउनलोड करून ती फाइल द्या, आउटलुकमध्ये 'सेव्ह ॲज' करून. स्क्रीनशॉट त्याच्या जोडीला चालेल, त्याच्याऐवजी नाही. आणि मूळ मेल इनबॉक्समधून डिलीट करू नका, रागाने तर अजिबात नको.